आतली कडी

देवळाली कॅम्पात राहणाऱ्या माणसाला तोफांची भीती वाटत नाही. रेंजवर सराव सुरू झाला की खिडक्यांची तावदानं थरथरतात, फळीवरचे डबे वाजतात आणि नव्याने राहायला आलेली एखादी बाई दचकून विचारते, "काय झालं हो?" आपण सुईत दोरा ओवता ओवता सांगायचं, "काही नाही, आपलीच माणसं आहेत." बाजारात माझं शिवणाचं दुकान आहे. लष्करी वर्द्या शिवते, फिती लावते, ढगळ पँटा आवळून देते. आमचे हे तोफखान्यात हवालदार आहेत, सध्या वर सरहद्दीला. इतक्या वर्षांत तोफेच्या आवाजाने माझी टीप कधी वाकडी गेली नाही. पण गेल्या वर्षी एक आठवडा असा गेला की टेबलावर फोन नुसता थरथरला तरी सुई माझ्या बोटात जायची.

सुरुवात झाली ती कॅनडापासून. कॅनडा कुठे आहे हे मला नकाशात दाखवता येणार नाही, पण माझ्या घरात आग लागली ती तिथल्या ठिणगीने.

लेक नाशिकरोडच्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. वादविवाद स्पर्धा म्हणजे काय, हे मला तिच्यामुळेच कळलं. विषय एक, बाजू दोन. प्रत्येक कॉलेजातून दोघं जातात, एकाने बाजूने बोलायचं, दुसऱ्याने विरुद्ध. बोलणाऱ्याला स्वतःला काय पटतं याच्याशी काही संबंध नाही.

"म्हणजे वकिलीच झाली," मी म्हटलं.

"वकील पैसे घेतात, आई. आम्हाला नुसती ढाल मिळते."

या वेळचा विषय बातम्यांतून उचललेला होता. कॅनडातल्या एका प्रांताने देश सोडून शेजारच्या अमेरिकेत सामील व्हावं का? जोडीदारणीने 'होऊ नये' ही बाजू आधीच पटकावली. 'व्हावं' हे पटवून द्यायचं काम आमच्या फौजीच्या पोरीच्या वाट्याला आलं. मी म्हटलं, त्या लोकांची भांडणं ते बघून घेतील, आपण कशाला त्यात तोंड घालायचं? पण ती हट्टाला पेटली की बापावर जाते.

तयारी दुकानातच चालायची. कापडाच्या ताग्यांवर बसून ती तेलाचे पैसे, कर, दिल्लीसारखी तिकडची जी काही राजधानी असेल तिचा अन्याय असं घडाघडा म्हणून दाखवायची आणि मला मशीनवर झोप यायची. शेवटी मी म्हणाले, "अगं, तेल आणि कर सांगून टाळी पडत नाही. घर सोडून जाणाऱ्याला लोक हिशेब विचारत नाहीत. का सोडलंस, एवढंच विचारतात. ते सांग." ती माझ्याकडे बघत राहिली. एका शर्टाची कॉलर उलटी लागली होती, ती उसवण्यात माझं लक्ष होतं. ती का बघतेय हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

पहिला नंबर आला. ढाल घेऊन आली, मशीनवर ठेवली, आणि मी बाजारातल्या चार दुकानांत पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बुटांच्या दुकानातल्या वहिनी फोन घेऊन आल्या. "तुमची लेक काय बोलते हो. अंगावर काटा आला." सभागृहातल्या कुणीतरी सगळ्यात जास्त टाळ्या मिळालेला तुकडा कौतुकाने स्टेटसला ठेवला होता. ठेवणाऱ्याच्या मनात काही वाईट असेल असं मला आजही वाटत नाही. वहिनींनी फोन माझ्यासमोर धरला. माझी लेक माईकसमोर उभी होती, त्या प्रांतातली एक बाई होऊन बोलत होती.

"देश सोडणं म्हणजे गद्दारी नाही. मला विचारतात, या घरात तुला काय कमी होतं? खायला होतं, ल्यायला होतं. पण माझ्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. मी मागितली तर सगळे हसले. म्हणाले, घरातल्या घरात कडी कुणापासून? शेजारच्या घराला कडी आहे. मी शेजारी चालले. मला फितूर म्हणायचं तर म्हणा. पण आधी सांगा, तुम्ही कडी का लावली नाहीत?"

टाळ्यांचा कडकडाट झाला आणि तुकडा संपला. वहिनी कौतुकाने माझ्याकडे बघत होत्या. मला हसायला हवं होतं.

ती कडी माझी होती.

येवल्याकडे आमचं गाव आहे. घर शेतकऱ्याचं, शिवार कांद्याचं. अशा घरात बाहेरच्या दाराला सगळं असतं. अडसर असतो, कुलूप असतं, ओट्यावर कुत्रं असतं. आतल्या दारांना काही नसतं, नुसत्या दोन फळ्या लोटलेल्या. आतल्या दाराला कडी मागणं म्हणजे घरातल्या माणसांना चोर म्हणणं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, मागितल्यावरच कळलं.

लेक तेव्हा अंगावर पिणारी होती, पाळण्यातली. हे लांब कुठेतरी होते. कांदे काढायला सुरुवात झाली की सासूबाई आणि बाकीच्या बाया सकाळीच शेतात जायच्या. मी ओली बाळंतीण, म्हणून घरी. घराचा कारभार थोरले दीर बघायचे. दुपारी ते अचानक शेतातून परत यायला लागले. आधी पाणी मागायला, माठ ओसरीत असूनही. मग बियाण्याची गोणी न्यायला, जी माझ्या खोलीत ठेवलेली असायची. मग काहीच न मागता. एकदा मी लेकीला पाजत होते, दार लोटलेलं होतं. ते आत आले, उभे राहिले आणि गेलेच नाहीत. मी पाठ फिरवून बसले. पाठीला डोळे नसतात, पण बाईच्या पाठीला सगळं कळतं. किती वेळ गेला मला माहीत नाही. लेक रडायला लागली तेव्हा ते गेले.

एवढंच घडलं. त्यापुढचं घडलं नाही, कारण ते घडायच्या आधी मी निघाले. पण त्या दिवसांत दुपार झाली की माझ्या पोटात गोळा यायचा. अजूनही उन्हाळ्यात दुपारी गल्ली सामसूम झाली की तो गोळा येतो, आणि मी उगाच मशीन चालू करते.

निघायच्या आधी मी कडी मागितली होती. गावातल्या दुकानात फोन होता, आजूबाजूला पाचसहा माणसं गूळ-तेल घेत उभी. यांचा फोन आला तेव्हा मी हळूच म्हणाले, "माझ्या खोलीच्या दाराला आतून एक कडी बसवायला सांगा ना घरी."

हे हसले. "घरातल्या घरात कडी कुणापासून?"

दुकानदार कान देऊन ऐकत होता. मी म्हटलं, "मांजर येतं."

"बरं, सांगतो," हे म्हणाले.

सांगितलं की नाही, देव जाणे. शेवटी मीच सासूबाईंकडे विषय काढला. त्यांनी ओट्यावर बसून सगळ्या गल्लीला ऐकवलं, "आमच्या सूनबाईला कडी पायजे. आमी काय दरोडेखोर हाय का?" गल्ली हसली. थोरले दीर पण हसले, जरा जास्तच.

आमच्या भिंतीला भिंत लागून काकींचं घर होतं. काकी म्हणजे यांच्या चुलत्याची विधवा. बांधावरून दोन्ही घरांत पिढीजात वैर, एकमेकांच्या सुतकालाही जात नव्हते. काकी येवल्याच्या एका विणकराला पैठणीच्या कांड्या भरून द्यायच्या, रहाटावर रेशीम गुंडाळत दिवसभर दारात बसलेल्या असायच्या, त्यामुळे आमच्या घरात कोण कधी येतं आणि कधी जातं हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. एका दुपारी मी अंगणात धुणं वाळत घालत होते. काकी रहाटावरची नजर न काढता म्हणाल्या, "पोरी, माझ्याकडं कडी हाय. आतून बी हाय, बाहेरून बी हाय."

मी ओलं लुगडं तसंच टोपलीत टाकलं, आत जाऊन लेकीला उचललं आणि शेजारच्या दारात शिरले. काकींनी कडी लावली. त्या लोखंडाचा तो आवाज ऐकून मी जी रडले, ती संध्याकाळपर्यंत.

बाहेर मग महाभारत झालं. भावकी जमली. माहेरी गेली असती तर चार लोकांनी समजूत काढली असती. मी वैऱ्याच्या घरात गेले होते. घरभेदी, फितूर, खाल्ल्या घराचे वासे मोजणारी, सगळं ऐकून घेतलं. कुणी विचारलं नाही की का गेलीस. काकी दारात उभ्या राहून एकच वाक्य म्हणायच्या, "ती हितंच ऱ्हाईल." पुढच्या सुट्टीत हे आले आणि देवळालीला बदली झाल्यावर आम्हाला इकडे घेऊन आले. मी यांना सांगितलं, सासूबाईंशी पटत नव्हतं. सासूशी पटलं नाही, हे कारण आपल्याकडे कुठेही खपतं.

खरं का सांगितलं नाही, तर भीती होती. आमचे हे रागाचे. लग्नाच्या वर्षी एसटीच्या गर्दीत एकाने मला मुद्दाम धक्का दिला, तर त्याला यांनी खाली ओढून असा मारला की कंडक्टरने मध्ये पडून सोडवलं. सख्ख्या भावाचं कळलं असतं तर एक माणूस सरणावर गेला असता आणि दुसरा तुरुंगात, आणि माझ्या लेकीचा बाप म्हणून कुणी उरलं नसतं. तेव्हा झाकली मूठ झाकलेलीच ठेवली. भाड्याचं घर बघायला गेले की बाकीच्या बाया नळ बघतात, मी कड्या बघते, एवढाच काय तो माझा विक्षिप्तपणा. हे त्यावरून चेष्टा करायचे. लेक कॉलेजला बसने जायला लागली तेव्हा तिला मात्र एकदा सगळं सांगितलं. तिने माझा हात धरून ठेवला होता.

आता तीच कडी वहिनींच्या फोनमध्ये वाजत होती. ऐकणारे सगळे घर म्हणजे देश समजत होते. गावाबाहेर आमचे हे एकटेच असे होते की ज्यांना कडी म्हणजे कडीच ऐकू येणार होती, आणि त्यांचा फोन लागत नव्हता.

संध्याकाळी लेक घरी आली तेव्हा मी तिला काही विचारायच्या आत ती म्हणाली, "मी कुणाचं नाव घेतलं नाही, आई. तूच म्हणालीस, का सोडलं ते सांग. मला दुसरं कारण माहीतच नव्हतं."

दोन दिवसांत तुकड्याच्या डोक्यावर कुणीतरी अक्षरं चिकटवली. 'फौजीच्या घरात हे शिकवतात का?' कॅनडा त्यात कुठेच नव्हता. तो भाषणाच्या सुरुवातीला होता, आणि सुरुवात कापून टाकलेली होती. उरली होती देवळालीतली एक मुलगी, जी म्हणत होती की देश सोडणं ही गद्दारी नाही, मी शेजारी चालले. आपल्या कोणत्या शेजाऱ्याकडे, हे ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवलं.

मग बाजार बदलला. कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. नुसते गप्प झाले. एक जवान शिवायला टाकलेली वर्दी अर्धवटच घेऊन गेला, "मावशी, घाई आहे, दुसरीकडून करून घेतो." माझ्याकडे रोज चहा पिणाऱ्या एका सुभेदारांच्या बायकोने समोरून येताना फोन कानाला लावला, आणि तो वाजला नव्हता हे मला दिसत होतं. एका दुपारी मोटरसायकलवरून तिघं आले, दुकानासमोर थांबले, पाटी वाचली, एकाने तिचा फोटो काढला आणि गेले. एवढंच. पण मी शटर ओढून आत बसले. रेंजवर तोफा चालू होत्या. नेहमी ज्या आवाजात मी डुलकी काढायची, तोच ऐकताना वाटत होतं, ही आपलीच माणसं आहेत ना?

लेकीला मी घराबाहेर पाठवलं नाही. ती ढालीकडे तोंड करून झोपून राहायची. जेवायची नाही. एकदा म्हणाली, "पप्पांची नोकरी जाईल का गं?" मी म्हटलं, "गप, असं कुठे असतं." मला स्वतःलाच माहीत नव्हतं असं कुठे असतं ते. यांच्या युनिटमध्ये तुकडा पोचला असेल का? साहेब काय म्हणतील? आणि त्याहून वाईट, हे स्वतः काय ऐकतील? दिवसा मला पहिल्या दोन प्रश्नांची भीती वाटायची. पोळ्या लाटताना, भांडी घासताना, कुणी जवळ नसलं की तिसऱ्याची. हे रजा टाकून परस्पर येवल्याची बस पकडतायत, असं चित्र डोळ्यांसमोर यायचं आणि हातातलं लाटणं तिथेच थांबायचं.

मग पोलिसांचा फोन आला. "घाबरू नका, नुसतं विचारायचंय. मुलीला घेऊन या." घाबरू नका म्हटल्यावर माणूस जेवढं घाबरतं तेवढं एरवी घाबरत नाही.

ठाण्यात लेकीचे कॉलेजमधले सर आधीच येऊन बसले होते. त्यांच्याही कपाळावर घाम होता, स्पर्धेला त्यांनीच पाठवलेलं. साहेब वयस्कर होते, आवाज वर न चढवणारे. ते म्हणाले, "हे बघा, गुन्हा वगैरे काही नाही. पण गाव तापलंय. दोन मार्ग आहेत. मुलीने एक छोटा व्हिडिओ करायचा, माझं चुकलं, मी माफी मागते. लोक दोन दिवसांत विसरतील. नाहीतर पूर्ण भाषण असेल तर ते सगळ्यांना दाखवा."

"माफीच बरी," सर घाईने म्हणाले. "मिटून जाईल."

"पूर्ण आहे का तुमच्याकडे?" साहेबांनी विचारलं. होतं. सरांनी फोन पुढे सरकवला. साहेब बघायला लागले, त्यांच्या मागे एक महिला पोलीस वाकून बघत होती. मी भाषण पहिल्यांदाच पूर्ण ऐकत होते. सुरुवातीला कॅनडा होता, प्रांताचं नाव होतं, तेल आणि कर होते. मग कडी आली. आणि तुकडा जिथे संपला होता त्याच्या पुढे लेक म्हणत होती, "तुम्हाला कारण हवंय? दुपारी घरात कुणी नसताना घरातलाच मोठा माणूस बाळंतिणीच्या दारात येऊन उभा राहतो. तिने ओरडायचं कुणाच्या नावाने? ज्याच्या नावाने ओरडायचं तोच दारात आहे. म्हणून ती शेजारी जाते. माणसं उगाच घर सोडत नाहीत, प्रांतही सोडत नसावेत."

साहेबांनी फोन खाली ठेवला आणि हसले. "कॅनडात बाळंतीण कुठून आणलीस बाळ तू? पण बोलतेस झकास."

मागची महिला पोलीस हसली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिने कोपऱ्यातल्या माठातून पाणी आणून माझ्यापुढे ठेवलं.

लेक माझ्याकडे बघत होती. तिलाही कळलं होतं. माफी मागितली तर माझी मूठ झाकलेली राहणार होती, पण जन्मभर ती देशाची माफी मागितलेली मुलगी म्हणून ओळखली जाणार होती. पूर्ण दाखवलं तर ती सुटणार होती, आणि दार, दुपार, बाळंतीण, सगळं यांच्यापर्यंत पोचणार होतं. तुकड्यात नुसती कडी होती, माझं मांजर त्यात अजून जिवंत राहू शकलं असतं. पूर्ण भाषणात ते मेलेलं होतं.

"मी मागते माफी, आई," लेक हळूच म्हणाली. "मला काही वाटणार नाही."

तिचा आवाज ऐकला आणि मला गल्लीचं हसणं आठवलं. मी तेव्हा खाली मान घालून उभी होते. ती तशी उभी राहणार, आणि तीही माझ्यासाठी.

"माफी कशाची?" मी साहेबांना म्हणाले. "ती चुकलेली नाही. पूर्ण दाखवा."

कॉलेजने पूर्ण भाषण टाकलं. लोक तापले तसे निवळले. सुभेदारांची बायको पुन्हा चहाला यायला लागली, जवान उरलेली बाही शिवून घ्यायला परत आला आणि लाजून म्हणाला, "मावशी, तिकडे फिटिंग जमली नाही." गावाकडून कुणाचाही फोन आला नाही. एरवी कुणाच्या म्हशीला रेडकू झालं तरी कळवणारी भावकी, पण एकानेही विचारलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं होतं.

मी यांच्या फोनची वाट बघत होते आणि तो येऊ नये म्हणून देवापुढे हात जोडत होते. शेवटी एका सकाळी आला. मागे वाऱ्याचा आवाज होता.

"व्हिडिओ बघितला," हे म्हणाले.

"तुकडा की पूर्ण?"

"आधी तुकडा. साहेबांनी बोलावून विचारलं. दोन दिवस माझ्याशी कुणी नीट बोललं नाही. मग पूर्ण आला. साहेबांनी स्वतः बघितला, पोरीला शाबासकी सांगितलीये."

इतक्या दिवसांची एक भीती उतरली आणि मला तिचं काहीच वाटलं नाही, कारण दुसरी छातीवर तशीच बसली होती. मी भराभर बोलायला लागले. "हे बघा, फार जुनी गोष्ट आहे. काही झालं नव्हतं, खरंच नव्हतं झालं. तुम्ही गावाकडे जाऊ नका. डोक्यात राख घालून घेऊ नका. पोरीची शपथ आहे तुम्हाला. तुमच्या हातून काही झालं तर आम्ही..."

"मी काही करणार नाही."

"शपथ घ्या."

"अगं, करायचं असतं तर तेव्हाच केलं असतं."

मला कळेना. "तेव्हा म्हणजे कधी?"

हे म्हणाले, "तू मांजर म्हणालीस तेव्हा. मांजराला कडी कशाला लागते? दार लोटलं तरी पुरतं. मला तेव्हाच कळलं होतं."

बाहेर शाळेची मुलं ओरडत चालली होती. मी कात्री हातात धरून उभी होते.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. भाऊ होता. आईबाप, घर, शेत, सगळं तो बघत होता. मी इतक्या लांब. तुला विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, आणि मग मला काहीतरी करावं लागलं असतं. मला भीती वाटली. पुढे तू काकीकडे गेलीस, मला वाटलं, सुटलो."

"कडी बसवायला सांगितलं होतं तुम्ही? घरी?"

"नाही," हे म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी दुकानात जाऊन मशीनवर बसले. इतकी वर्षं यांना कळू नये म्हणून मी जिवाच्या आकांताने जपलं, आणि यांना कळलेलंच होतं. मी ज्याला वाचवत होते तो आधीच वाचून बसला होता. मी काकींच्या घरात संध्याकाळपर्यंत रडत होते तेव्हा यांना कळलेलं होतं. यांनी माझ्या कड्या तपासण्याची चेष्टा केली तेव्हाही कळलेलं होतं. भीती अशी गेली की जणू कधी नव्हतीच, आणि ती गेल्यावर आत एवढा राग निघाला की मला माझीच ओळख पटेना. पुरुषाचा राग मी जन्मभर सांभाळला. माझाही असेल, हे कधी बघितलंच नव्हतं.

पुढच्या महिन्यात हे रजेवर आले. लेकीला जवळ घेतलं, ढाल हातात घेऊन बघितली. मी पुरणपोळी केली होती, मन लावून केली होती. वाढताना कमी केलं नाही. गावाचा विषय यांनी काढला नाही, मीही काढला नाही. दुपारी जेवणं झाली, लेक मैत्रिणीकडे गेली, गल्ली सामसूम झाली. मी बाहेरच्या खोलीत यांची गादी घातली, उशी ठेवली, पंखा लावला. मग आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आमच्या कड्यांना मी मशीनचं तेल घालते, त्या वाजत नाहीत. त्या दिवशी मी मुद्दाम आवाज करून लावली.

पोटात गोळा आला नाही. मी खाटेवर आडवी झाले.

थोड्या वेळाने यांची पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. दार त्यांनी ढकललं नाही.

"कडी लावलीस?" बाहेरून विचारलं.

"हो," मी म्हटलं.

कुणापासून, असं या वेळी त्यांनी विचारलं नाही.